युरोपातील संग्रहालये इस्लामी कला कशी मांडतात: एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

बर्लिन, लंडन आणि पॅरिस येथील इस्लामी कलेची दालने पाहून आलेल्या एका वाचकांनी विचारले आहे, की ही दालने इतकी देखणी असूनही त्या वस्तू वापरणारी माणसे, त्यांचा धर्म आणि त्या वस्तू युरोपात कशा पोहोचल्या याची हकिगत तिथे एवढी थोडी का सापडते. ही मांडणी कोण आणि कशाच्या आधारे ठरवतो. आणि पुन्हा जाण्याचा योग आला तर काय पाहावे. संग्रहालयांतील मांडणी हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे माझे मत आधीच सांगते. या दालनांचे यश त्यांच्या देखणेपणावरून ठरवू नये. समोरची वस्तू कशासाठी घडवली गेली आणि ती या इमारतीत कशी आली, या दोन गोष्टी पाहणाऱ्याला तिथल्या तिथे कळल्या पाहिजेत. जिथे त्या कळतात, तिथे युरोपीय प्रेक्षकाला इस्लामी संस्कृती हाडामांसाच्या माणसांची वाटू लागते. जिथे कळत नाहीत, तिथे तो मनापासून कौतुक करतो आणि आला तसाच परका राहून बाहेर पडतो.

आजची मांडणी समजून घ्यायची तर तिच्यामागच्या जुन्या सवयी पाहाव्या लागतात. लंडनमधील व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमची सुरुवात १८५२ मध्ये झाली, ती मुळात ब्रिटिश कारागिरांना आणि कारखानदारांना चांगले नमुने दाखवण्यासाठी. काइरोच्या एखाद्या मशिदीतली लाकडी जाळी, तुर्कस्तानातील इझ्निकच्या रंगीत फरश्या, स्पेनमधील ग्रॅनडाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्यातील नक्षीच्या प्रतिकृती या गोष्टी तिथे भूमितीचे आणि रंगसंगतीचे धडे म्हणून गोळा झाल्या. ब्रिटिश वास्तुविशारद ओवेन जोन्स यांच्या १८५६ च्या अलंकरणविषयक ग्रंथाने ही दृष्टी पक्की केली. फरशी कोणत्या भिंतीवरून निघाली, त्या भिंतीसमोर कोण उभे राहत असे, हे विचारण्याचे तिथे कोणालाच कारण नव्हते. तिच्यावरची वेलबुट्टी आपल्या कापडावर आणि भांड्यांवर कशी उतरवता येईल एवढेच पाहायचे होते.

त्याच काळात जागतिक प्रदर्शनांनी दुसरे टोक गाठले. पॅरिसच्या १८८९ च्या प्रदर्शनात ‘काइरोची गल्ली’ उभारली गेली. तिच्यात दुकाने होती, नर्तकी होत्या, आणि इजिप्तमधून आणलेली गाढवे व त्यांना हाकणारी मुलेही होती. इथे माणसे भरपूर होती, पण ती करमणुकीसाठी मांडलेली होती. या बाजारी थाटाला उत्तर म्हणून १९१० मध्ये म्युनिकला जे प्रदर्शन भरले, त्याचा प्रभाव आपण अजून पाहतो. सुमारे ३,६०० वस्तू, ऐंशीच्या आसपास खोल्या, पांढऱ्या भिंती, वस्तू-वस्तूंमध्ये मोकळी जागा, आणि हंड्या-झुंबरे, उशा, पडदे असल्या सजावटीला पूर्ण फाटा. प्रदर्शन भरवणारे जर्मन कला-इतिहासकार फ्रीडरिख झारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे होते, की इराणी गालिचा किंवा मोसुलचे जडावाचे पितळी भांडे हे युरोपातील कोणत्याही चित्राइतकेच श्रेष्ठ आहे आणि तेवढ्याच गांभीर्याने ते पाहिले गेले पाहिजे. चित्रकार मातीस हे प्रदर्शन पाहण्यासाठी मुद्दाम म्युनिकला गेले होते.

म्युनिकची भूमिका प्रामाणिक होती आणि त्या वेळी ती आवश्यकही होती, असे मला वाटते. पण तिची किंमतही मोजावी लागली. वस्तूला कलाकृतीचा मान मिळाला आणि त्याच क्षणी ती घरातून, मशिदीतून, थडग्यावरून, दरबारातून सुटी झाली. पांढरी भिंत आणि एकच प्रकाशझोत ही मांडणी आजही आमच्या व्यवसायात निर्दोष समजली जाते. तीत काय गाळले गेले आहे हे तिच्याकडे पाहून कळत नाही, आणि हीच तिची मोठी अडचण आहे.

आता एक कारण सांगते, जे दालनात कुठेही लिहिलेले नसते. कागद, कापड आणि लघुचित्रे प्रकाशाने विरतात. त्यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश पडू द्यायचा नाही आणि काही महिने दाखवल्यावर त्यांना बराच काळ अंधारात विश्रांती द्यायची, हा संवर्धनाचा सर्वमान्य नियम आहे. माती, धातू, काच आणि दगड यांना असा धोका नाही. ते वर्षानुवर्षे एकाच जागी उजेडात उभे राहू शकतात. त्यामुळे युरोपातील जवळजवळ प्रत्येक इस्लामी दालन मातीच्या भांड्यांनी आणि पितळेच्या सुरयांनी भरलेले दिसते. आता हेच त्या संस्कृतीच्या बाजूने पाहा. तिथे सर्वांत वरचा मान होता ग्रंथाला आणि तो लिहिणाऱ्या खुशनविसाला. दरबाराची श्रीमंती कापडात मोजली जाई. बादशहाची मर्जी झाली की खिलअत, म्हणजे मानाचा पोशाख, मिळे, आणि खलिफाचे नाव विणलेले किंवा भरतकाम केलेले वस्त्र अंगावर असणे ही राजकीय गोष्ट होती. म्हणजे त्या समाजाने जे पहिल्या क्रमांकाला ठेवले ते कपाटात राहते आणि जे त्याने रोजच्या वापरात फोडले-सांडले ते काचपेटीत मधोमध येते. प्रेक्षकाच्या मनात जे चित्र तयार होते, ते असे प्रकाशाच्या सहनशक्तीवर अवलंबून असते.

यावर उपाय आहेत, पण ते खर्चाचे आहेत. दर काही महिन्यांनी पाने आणि वस्त्रे बदलायची म्हणजे प्रत्येक वेळी संवर्धकाची तपासणी, नवी चौकट, नव्या पाट्या, नवा विमा. ब्रिटिश म्युझियमने ऑक्टोबर २०१८ मध्ये उघडलेल्या अल्बुखारी फाउंडेशन दालनात कापडांसाठी आणि कागदावरच्या कामांसाठी अशी बदलती जागा पहिल्यापासून राखून ठेवली, हा मला त्या दालनाचा मोठा गुण वाटतो. तिथे वाद्ये, खेळ, पोशाख, विसाव्या शतकातील आणि आजच्या चित्रकारांची कामेही आहेत, आणि भूगोल पश्चिम आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत नेला आहे. इस्लामी संस्कृती कुठल्यातरी शतकात संपली, असा जो समज जुन्या दालनांमधून नकळत होत असे, तो तिथे होत नाही.

लिपीचा प्रश्न तर याहून सोपा असूनही अधिक दुर्लक्षित आहे. इस्लामी जगातील वस्तूंवर जेवढे लिहिलेले असते तेवढे क्वचितच दुसऱ्या कुठल्या संस्कृतीच्या वस्तूंवर असेल, आणि तरीही पाटीवर अनेकदा ‘अरबी लेखासह’ एवढेच छापलेले असते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात खुरासान (ईशान्य इराण आणि आसपासचा प्रदेश) किंवा मध्य आशियातील दहाव्या-अकराव्या शतकातली एक मोठी पांढरी थाळी आहे. तिच्या काठावर गडद रंगात ताणलेली कूफी, म्हणजे कोनदार वळणाची जुनी अरबी, अक्षरे आहेत, आणि लांबून पाहणाऱ्याला ती केवळ नक्षी वाटते. प्रत्यक्षात तिथे लिहिले आहे, की विद्येची चव सुरुवातीला कडू असते, पण शेवटी ती मधाहून गोड लागते. हे वाक्य कळले की थाळी क्षणात बदलते. ती कोणाच्या तरी घरातली होते, जेवणाच्या पंगतीतली होते, आणि ती समोर आल्यावर कोणीतरी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवले असेल असे वाटू लागते. एका ओळीचा अनुवाद छापायला काहीच लागत नाही.

मामलूक काळातील (मामलूक म्हणजे मध्ययुगात इजिप्त-सीरियावर राज्य करणारे सुलतान) मीनाकारीच्या काचेचे मशिदीतले दिवे हे याचे आणखी ठळक उदाहरण आहे. लंडन, पॅरिस, लिस्बन अशा अनेक ठिकाणी ते आहेत. त्यांतील पुष्कळांवर कुराणातील नूर या अध्यायातील वचन लिहिलेले आहे: ईश्वर हा आकाशांचा आणि पृथ्वीचा प्रकाश आहे, त्याच्या प्रकाशाची उपमा म्हणजे कोनाड्यातला दिवा, तो दिवा काचेत, आणि ती काच जणू तेजस्वी तारा. दिवा साखळ्यांनी उंच टांगलेला असे, ज्योत आतून पेटे, आणि ही अक्षरे आतल्या उजेडाने उमटत. संग्रहालयात हाच दिवा कमरेच्या उंचीवर ठेवलेला असतो आणि त्याच्यावर बाहेरून झोत टाकलेला असतो. देवघरातली समई विझवून, घासूनपुसून पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटात ठेवावी, तसे ते होते. समई तीच असते, पण ती काय करत होती हे तिथे उरत नाही. दिव्याच्या आत मंद, उष्णता न देणारा प्रकाश ठेवणे आता तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, आणि तसे केले की पाटी वाचण्याआधीच वचनाचा अर्थ डोळ्यांना कळतो.

वस्तूचा उपयोग आणि तिचा प्रवास या दोन्ही गोष्टी एकत्र पाहायच्या असतील, तर अर्दबीलच्या गालिच्याकडे वळावे लागते. सुमारे साडेदहा मीटर लांब आणि सव्वापाच मीटरहून थोडा अधिक रुंद असा हा गालिचा वायव्य इराणमधील अर्दबील येथे, सफवी घराण्याचे मूळपुरुष शेख सफीउद्दीन यांच्या दर्ग्यासाठी विणला गेला. त्याच्यावर हिजरी ९४६ हे साल, म्हणजे इसवी सन १५३९-४०, आणि मकसूद काशानी हे नाव विणलेले आहे. सोबत हाफिजच्या गझलेतील दोन ओळी आहेत, ज्यांचा आशय असा, की या जगात तुझ्या उंबरठ्यावाचून मला आसरा नाही आणि या दारावाचून माझे डोके टेकायला जागा नाही. मकसूद स्वतःला त्या दाराचा सेवक म्हणवतो. दर्ग्याच्या जमिनीवर अंथरलेल्या, यात्रेकरूंच्या पावलांखाली असलेल्या गालिच्यावर हे शब्द किती नेमके बसतात ते पाहावे.

हा गालिचा १८९३ मध्ये २,००० पौंडांना लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमने घेतला आणि तो घ्यावाच असा आग्रह धरणाऱ्यांत ब्रिटिश नक्षीकार विल्यम मॉरिस होते. दीर्घकाळ तो भिंतीवर टांगलेला होता, म्हणजे चित्रासारखा पाहिला जात होता. २००६ च्या जुलैमध्ये तिथले इस्लामी कलेचे जमील दालन उघडले तेव्हा तो दालनाच्या मध्यभागी, जमिनीलगत, एका प्रचंड काचपेटीत आडवा ठेवला गेला. प्रकाश मंद ठेवला जातो आणि दर तासाला व अर्ध्या तासाला दहा मिनिटे वाढवला जातो. त्या वेळी चारी बाजूंनी लोक जमतात आणि आपोआप बोलणे कमी होते. संवर्धनाच्या गरजेतून आलेल्या या व्यवस्थेने गालिच्याला त्याची जमीन परत दिली, आणि माझ्या मते गेल्या वीस वर्षांतील या क्षेत्रातली ही सर्वांत चांगली मांडणी आहे.

पण त्या गालिच्याची दुसरी हकिगतही सांगितली पाहिजे. मुळात तो जोडीतला एक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन्ही गालिचे ब्रिटिश व्यापाऱ्यांच्या हाती आले तेव्हा दोन्ही जागोजागी झिजलेले आणि फाटलेले होते, आणि एक पुरा करण्यासाठी दुसऱ्याचे तुकडे कापून त्याला जोडले गेले. तो दुसरा, किनार गमावलेला गालिचा अनेक हातांतून जाऊन १९५३ मध्ये लॉस एंजलिसच्या संग्रहालयाला मिळाला. लंडनचे संग्रहालय हे लपवत नाही. तरीही दालनात उभ्या असलेल्या माणसाला जे अखंड सौंदर्य दिसते, ते एकोणिसाव्या शतकातील बाजारभावाने घडवले आहे, ही गोष्ट गालिच्याच्या इतिहासाचा तेवढाच खरा भाग आहे, आणि ती ठळक अक्षरांत सांगितल्याने गालिच्याचा मान कमी होत नाही.

पॅरिसमध्ये नावानेच दिशाभूल करणारी एक वस्तू आहे. लूव्रमधील ‘सेंट लुईचे बाप्तिस्म्याचे पात्र’ हे सोन्याचांदीने जडवलेले पितळी भांडे इजिप्त किंवा सीरियात साधारण १३२० ते १३४० च्या दरम्यान बनले आणि मुहम्मद इब्न अल-झैन या कारागिराने आपली सही त्याच्यावर एकदा नव्हे, अनेकदा केली आहे. सेंट लुई म्हणजे नववा लुई १२७० मध्येच वारला होता, तेव्हा त्याचा या भांड्याशी संबंध असणे शक्य नाही. मात्र १६०६ मध्ये तेराव्या लुईच्या बाप्तिस्म्याला ते वापरले गेले. मामलूक अमिरांच्या शिकारीची आणि दरबाराची चित्रे कोरलेले भांडे फ्रान्सच्या राजपुत्राच्या डोक्यावर पाणी घालायला वापरावेसे वाटले, यातच युरोपीय प्रेक्षकाला आपला आणि इस्लामी जगाचा संबंध समजावणारी मोठी गोष्ट आहे. लूव्रच्या विस्कोंती चौकात, सोनेरी लाटेसारख्या छताखाली, सप्टेंबर २०१२ पासून उघडलेल्या दालनात जवळपास ३,००० वस्तू मांडल्या आहेत. तिथली वास्तुरचना पाहण्यासारखी आहे यात शंका नाही, पण वस्तूंच्या दाटीत एकेकीची हकिगत हरवते, असे माझे निरीक्षण आहे.

बर्लिनबद्दल थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण या प्रश्नाचा सर्वांत प्रामाणिक विचार मला तिथे दिसला. १९०४ मध्ये बर्लिनचे संग्रहालय-प्रमुख विल्हेल्म फॉन बोडे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या इस्लामी कलेच्या संग्रहालयाचा पाया म्हणजे मुशत्ताची भिंत. जॉर्डनमधील अम्मानजवळच्या, आठव्या शतकाच्या मध्यातील अपुऱ्या राहिलेल्या, उमय्यद खलिफांच्या राजवाड्याची ही दर्शनी भिंत ऑटोमन सुलतान दुसरा अब्दुल हमीद याने १९०३ मध्ये जर्मन सम्राट कैसर दुसरा विल्हेल्म याला भेट दिली. भेट हा शब्द खरा आहे, आणि तो देणारा व घेणारा यांच्या राजकारणाचा हिशेबही तितकाच खरा आहे. ज्यांच्या भूमीवर तो राजवाडा उभा होता त्यांना कोणी विचारले नव्हते.

या भिंतीवरची नक्षी मला शिकवण्याच्या दृष्टीने अमूल्य वाटते. प्रवेशद्वाराच्या डाव्या बाजूच्या वेलींमध्ये सिंह, पक्षी आणि काल्पनिक प्राणी पाणी पिताना दिसतात. उजव्या बाजूला, जिच्यामागे राजवाड्यातली मशीद होती, एकही सजीव नाही. इस्लाममध्ये चित्रांना बंदी आहे का, हा प्रश्न युरोपीय प्रेक्षक हमखास विचारतात. त्याचे उत्तर लांबलचक पाटीने देण्याऐवजी या भिंतीसमोर उभे करावे: राजवाड्यात एक संकेत, प्रार्थनास्थळाला दुसरा. प्रेषितांच्या चित्रांबाबतही मला हीच पद्धत योग्य वाटते. इराणमधील तबरीझमध्ये १३१४ च्या सुमारास तयार झालेल्या, आता एडिनबरा विद्यापीठाच्या ग्रंथालयात असलेल्या, वजीर आणि इतिहासकार रशीदुद्दीनच्या इतिहासाच्या हस्तलिखितात तशी चित्रे आहेत; ती मुस्लिम राजवटीत, मुस्लिम वाचकांसाठी काढली गेली. अशी पाने लपवू नयेत आणि भपक्याने पुढेही करू नयेत. पाहणाऱ्याला आधी सूचना द्यावी, संदर्भ द्यावा आणि पाहायचे की नाही हे त्याच्यावर सोडावे.

बर्लिनमधील दुसरी वस्तू म्हणजे सीरियातील अलेप्पोची खोली. १६०० ते १६०३ च्या दरम्यान रंगवलेले हे भिंतींवरचे लाकडी फळीकाम ईसा इब्न बुत्रुस या व्यापाऱ्याच्या घरातील पाहुण्यांच्या खोलीचे आहे आणि १९१२ मध्ये ते बर्लिनला आले. ईसा ख्रिस्ती होता. तिथे बालयेशूसह मेरी आहे, अखेरचे भोजन आहे, आणि त्याच भिंतींवर लैला-मजनूही आहेत. स्तोत्रांतील ओळी आहेत आणि अरबी सुभाषितेही आहेत. ईसाने आपल्या मुस्लिम, ख्रिस्ती आणि ज्यू पाहुण्यांना याच खोलीत बसवले असेल. एका ख्रिस्ती माणसाची बैठक इस्लामी कलेच्या संग्रहालयाचे भूषण आहे, एवढे एक वाक्य नीट समजावले तर ‘इस्लामी जग’ म्हणजे फक्त मुसलमानांचे जग नव्हते हे व्याख्यानाशिवाय उमगते.

डिसेंबर २०१५ मध्ये, सीरिया आणि इराकमधून मोठ्या संख्येने निर्वासित जर्मनीत आले असताना, याच संग्रहालयाने ‘मुल्तका’ (अरबीत, भेटण्याची जागा) हा उपक्रम सुरू केला. निर्वासितांमधील काही जणांना मार्गदर्शक म्हणून तयार केले गेले आणि ते अरबीतून आपल्या लोकांना संग्रहालय दाखवू लागले. इस्लामी कला, प्राचीन पश्चिम आशिया, बायझंटाइन शिल्पे आणि जर्मनीचा इतिहास अशी चार संग्रहालये त्यात होती. महायुद्धात बेचिराख झालेल्या आणि पुन्हा उभ्या राहिलेल्या जर्मन शहरांची छायाचित्रे अलेप्पोच्या माणसाने अलेप्पोच्याच माणसाला दाखवावीत, यात सहानुभूतीपेक्षा मोठे काही आहे. संग्रहालयाला स्वतःलाही यातून शिकायला मिळाले, कारण ज्यांच्या आजीच्या घरी तसेच लाकडी फळीकाम होते असे लोक पहिल्यांदाच बोलणाऱ्याच्या जागी उभे राहिले. पुढे ऑक्सफर्ड आणि इतर शहरांनीही हा उपक्रम घेतला. याच संस्थेने २०१३ पासून सीरियातील वास्तूंच्या छायाचित्रांचा आणि नकाशांचा मोठा दस्तऐवज तयार केला आहे, तो भविष्यातील दुरुस्तीसाठी उपयोगी पडावा म्हणून.

मांडणी कोण ठरवतो, या प्रश्नाचे उत्तर सरळ नाही. मजकूर अभिरक्षक, म्हणजे संग्रह सांभाळणारा तज्ज्ञ, लिहितो, पण त्याला साधारण साठ-सत्तर शब्दांची मर्यादा असते. प्रकाश संवर्धक ठरवतो, रस्ता वास्तुविशारद ठरवतो, आणि दाराबाहेरचे नाव बहुतेकदा देणगीदाराचे असते. लंडनच्या जमील दालनाला सौदी उद्योजक कुटुंबाने, लूव्रला इतरांबरोबर सौदी राजपुत्र अल-वलीद बिन तलाल यांनी १ कोटी ७० लाख युरो, आणि ब्रिटिश म्युझियमला मलेशियातील प्रतिष्ठानाने साहाय्य केले. माझ्या अनुभवात देणगीदार सहसा मजकुरात हात घालत नाहीत. पण राजदरबाराचे वैभव दाखवणाऱ्या दालनाला पैसा लवकर मिळतो, आणि गावातल्या कुंभाराचे, शिंप्याचे, मजुराचे जग दाखवणाऱ्या दालनाला मिळत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

२००१ नंतर या दालनांवर एक वेगळे ओझेही आले. पॅरिस, लंडन, कोपनहेगन, बर्लिन सगळीकडे नवी दालने उघडताना राजकीय नेत्यांनी संस्कृतींमधील पुलाची भाषा केली. हेतू चांगला होता. परंतु बाराव्या शतकातील काशानच्या थाळीने आजच्या दंगलीचे किंवा निवडणुकीचे स्पष्टीकरण द्यावे, ही अपेक्षा थाळीवर आणि पाहणाऱ्यावरही अन्याय करणारी आहे. त्यापेक्षा जिवंत आचारातून सुरुवात करणे मला बरे वाटते. ब्रिटिश म्युझियमने २०१२ मध्ये हजयात्रेवर भरवलेल्या प्रदर्शनात काबागृहाची जुनी आवरणे आणि नकाशे यांच्याबरोबर यात्रेकरूंची रोजनिशी, आजच्या चित्रकारांची कामे आणि हाजींचे स्वतःचे अनुभवही होते. ज्या युरोपीय प्रेक्षकाला हे ठाऊक नव्हते, त्याला शेजारच्या माणसाच्या आयुष्यातील एक मोठी गोष्ट कळली. मराठी वाचकाला यात ओळखीचे काही सापडेल, कारण आगबोटींच्या काळात मुंबई हे हजचे मोठे बंदर होते आणि १८८६ पासून काही वर्षे सरकारने तिथून जेद्दाला जाणाऱ्या यात्रेकरूंची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे सोपवली होती.

आणखी एक त्रुटी मला सतत खटकते: इस्लाम म्हणजे युरोपाबाहेरचे काहीतरी, असे ही दालने जणू गृहीत धरतात. व्हिएन्नाच्या राजकोशात सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याचा प्रावरण-झगा आहे. पालेर्मोच्या कारखान्यात हिजरी ५२८ मध्ये, म्हणजे ११३३-३४ मध्ये तो तयार झाला. त्यावर उंटाला खाली दाबणारे सिंह आहेत आणि काठावर कूफी अरबी लेख आहे. पुढे पवित्र रोमन सम्राटांनी तो राज्याभिषेकाला वापरला. हा झगा युरोपीय राजचिन्हांमध्ये ठेवलेला आहे, आणि तशाच कलेची दुसरी वस्तू इस्लामी दालनात पाठवली जाते. कोर्दोबा, पालेर्मो, सारायेवो ही युरोपातलीच शहरे आहेत.

अशाच सीमारेषेची झळ आपल्या दख्खनलाही लागते. लूव्रमध्ये आणि कोपनहेगनच्या डेव्हिड कलेक्शनमध्ये भारतातील सुलतानांची आणि मुघलांची कला इस्लामी विभागात येते. लंडनच्या जमील दालनाचा भूगोल मात्र भारताच्या अलीकडेच थांबतो आणि भारत दक्षिण आशिया विभागात जातो. म्हणून हाशिम या चित्रकाराने काढलेले मलिक अंबरचे चित्र त्या संग्रहालयात भारतीय चित्रकला म्हणून आहे, आणि विजापूरच्या अली आदिलशाहाच्या काळातले, १५७० चे ‘नुजूम अल-उलूम’ हे ज्योतिषाचे सचित्र हस्तलिखित डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. हबशी असलेला, निजामशाहीचा कारभार चालवणारा, मालोजी आणि शहाजी राजांच्या काळातल्या मराठा सरदारांना बरोबर घेऊन मुघलांशी लढणारा मलिक अंबर कोणत्या कप्प्यात बसवायचा? माझ्या मते त्याला दोन्ही दालनांतून उल्लेख मिळावा, आणि त्याच्या मराठी सहकाऱ्यांचाही. सरस्वतीच्या स्तुतीने गीतसंग्रहाची सुरुवात करणारा दुसरा इब्राहिम आदिलशाह तर एका पाटीत मावणाराच नाही. निजामशाही चित्रकला पाहण्यासाठी मात्र युरोपला जाण्याची गरज नाही. अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाची प्रशस्ती असलेले, १५६५ च्या सुमाराचे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे.

आता काय पाहावे ते सांगते. बर्लिनचे पर्गमॉन म्युझियम, ज्यात मुशत्ता आणि अलेप्पोची खोली आहे, ते दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण बंद करण्यात आले. तेव्हा निघण्यापूर्वी त्याची स्थिती जरूर तपासावी. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट ही दोन्ही एकाच दिवशी करू नयेत. जमील दालनात तास किंवा अर्धा तास होण्याच्या थोडे आधी पोहोचावे आणि गालिच्याच्या ज्या टोकाला लेखाची चौकट आहे तिथे उभे राहावे. ज्यांना शांतपणे, गर्दीविना पाहायचे आहे त्यांनी कोपनहेगनचे डेव्हिड कलेक्शन निवडावे. तिथे प्रवेशमूल्य नाही, मांडणी काळानुसार आहे आणि दख्खनच्या वस्तूही आढळतात. अथेन्समध्ये २००४ साली उघडलेले बेनाकी संग्रहालयाचे इस्लामी कलेचे दालन लहान आहे, पण त्याचा क्रम नव्याने पाहणाऱ्याला सहज समजतो. मलिक अंबरचे चित्र किंवा इतर कोणतेही कागदावरचे काम पाहायचे असेल, तर वर सांगितलेल्या प्रकाशाच्या नियमामुळे ते दालनात असेलच असे नाही. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्याची नोंद क्रमांकासह शोधून, अभ्यासिकेत ते दाखवता येईल का असे काही आठवडे आधी लेखी विचारावे.